जिवंत पेशीत डीएनएची दुरुस्ती बघायची आहे? जीएफपी टॅगबद्दल नेहमी येणारे प्रश्न

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं मायक्रोस्कोपच्या खोलीत जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे. काही प्रश्न दर वर्षी येतात. काही कुणीच विचारत नाही, पण विचारायला हवेत, म्हणून ते मीच घातलेत. जीएफपी म्हणजे ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन, प्रकाश टाकला की हिरवं चमकणारं प्रथिन. पुस्तकी मराठीत 'प्रतिदीप्त प्रथिन' म्हणतात. आम्ही दिवसभर फ्लुओरेसंट म्हणतो, तेच इथे ठेवलंय.

टॅग लावतात म्हणजे नक्की करतात काय?

ज्या प्रथिनावर नजर ठेवायची, त्याच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडून देतात. पहिल्या जनुकाच्या शेवटी असलेला 'इथे थांबा' हा संकेत काढून टाकलेला असतो. त्यामुळे पेशी सलग वाचत जाते आणि दोन्ही मिळून एकच लांब प्रथिन तयार होतं. एका टोकाला आपलं प्रथिन, दुसऱ्या टोकाला चकाकणारं जीएफपी.

दिवेघाटातून वारी चढताना लांबून बघितलीय? माणसं ओळखू येत नाहीत, पताका दिसतात. पताका जिकडे वळते तिकडे दिंडी वळली, असं आपण धरून चालतो. टॅगचं तसंच आहे. आपण पताका बघत असतो, वारकरी नाही. आणि पताकेचा दांडा फार जड असला, तर वारकऱ्याची चाल बदलते. पुढचे बरेचसे प्रश्न या दांड्याबद्दलचेच आहेत.

जीएफपी मुळात आलं कुठून?

एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाच्या जेलीफिशमधून. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर इथे ओसामू शिमोमुरा यांनी १९६१च्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले. त्यांना हवं होतं एक्वोरिन, म्हणजे निळा उजेड देणारं प्रथिन. त्याच्या शुद्धीकरणात सोबत एक हिरवट चकाकणारं प्रथिन आलं. १९६२च्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख जवळजवळ तळटीपेसारखा आहे.

१९९२मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं केलं. १९९४मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते ई. कोलाय या बॅक्टेरियात आणि सी. एलिगन्स या कृमीत चालवून दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्यात बदल करून ते जास्त तेजस्वी केलं आणि रंगांची अख्खी पेटी तयार केली. २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. प्रॅशर यांचं अनुदान संपलं होतं, संशोधन सुटलं होतं आणि त्या वर्षी ते अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना सोहळ्याला नेलं, हे खरं. तरी अनुदानाचा अर्ज भरताना मला प्रॅशर आठवतातच.

जीएफपी २३८ अमिनो आम्लांचं आहे, वजन सुमारे २७ किलोडाल्टन. आकार डब्यासारखा: अकरा पट्ट्यांची भिंत आणि आत मधोमध चकाकणारा भाग. हा भाग ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाच्या अमिनो आम्लांपासून आपोआप तयार होतो. बाहेरून कुठलंही रसायन घालावं लागत नाही, फक्त ऑक्सिजन लागतो. जिवंत पेशीत हे चालतं, ते याचमुळे.

अँटिबॉडीने रंगवून तेच दिसतं की. मग एवढा खटाटोप कशाला?

अँटिबॉडी आत जायला पेशी मारावी लागते. तुमच्याकडे उरतो तो फोटो. शून्य मिनिट, तीस मिनिटं, चार तास असे फोटो काढले, तरी प्रत्येक वेळी पेशी वेगळी असते. तीस मिनिटांनी वीस ठिपके (दुरुस्तीची प्रथिनं जमलेल्या जागा) आणि चार तासांनी आठ, याचा अर्थ प्रत्येक पेशीत बारा गेले, की काही पेशींतले सगळेच गेले आणि काहींतला एकही गेला नाही? फोटोवरून ते कळत नाही. त्याच पेशीकडे रात्रभर बघत बसलात, तर कळतं.

उलट बाजूही आहे. गॅमा-एचटूएएक्स ही तुटलेल्या डीएनएची सर्वांत जास्त वापरली जाणारी खूण म्हणजे हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) बसलेला फॉस्फेट. फॉस्फेटला जीएफपी जोडता येत नाही. ती खूण बघायची तर अँटिबॉडीच लागते. दोन्ही पद्धती एकमेकींना तपासून घेतात, म्हणून दोन्ही शिकून घ्या.

सुरुवातीला कोणतं प्रथिन टॅग करू?

मानवी पेशीत काम असेल, तर ५३बीपी१. डीएनएचे दोन्ही धागे एका जागी तुटले, की काही मिनिटांत ते तिथे जमतं आणि केंद्रकात गोल, ठसठशीत ठिपका दिसतो. यूटूओएस या हाडांच्या कर्करोगाच्या पेशी त्यासाठी सोयीच्या आहेत: चपट्या पसरतात, केंद्रक मोठं असतं, ठिपके मोजता येतात.

अख्खं ५३बीपी१ १९७२ अमिनो आम्लांचं आहे. प्लास्मिडमध्ये (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यात) मावताना आणि पेशीत घालताना ते त्रास देतं. म्हणून बरेचजण १२२० ते १७११ एवढाच तुकडा एमचेरी या लाल फ्लुओरेसंट प्रथिनाला जोडून वापरतात. तुटलेल्या जागेजवळच्या हिस्टोनवरच्या खुणा ओळखणारा भाग या तुकड्यात आहे. पुढची प्रथिनं बोलावणारा सुरुवातीचा भाग नाही. म्हणजे हा तुकडा जागा दाखवतो, काम करत नाही. ठिकाण शोधायला उत्तम. ५३बीपी१ स्वतः काय करतं हा तुमचा प्रश्न असेल, तर निरुपयोगी. आणि फार जास्त झाला, तर पेशीच्या स्वतःच्या ५३बीपी१ची जागा अडवतो.

डीएनएचा एकच धागा तुटल्यावर काय होतं ते बघायचं असेल, तर पार्प१ किंवा एक्सआरसीसी१. यीस्टमध्ये रॅड५२, दुसरा विचारही नको. पेशी चक्राच्या कोणत्या टप्प्यात आहे ते हवं असेल, तर सोबत पीसीएनए दुसऱ्या रंगात. डीएनएची नक्कल चालू असताना त्याचे ठिपके बदलत जातात आणि नक्कल संपली की ते पुन्हा एकसारखं पसरतं. पीसीएनए मी जवळजवळ प्रत्येकाला घ्यायला लावते. कारण पुढे येईलच.

रॅड५१ला टॅग लावू नको, असं सगळे का म्हणतात?

रॅड५१ मानवात ३३९ अमिनो आम्लांचं, सुमारे ३७ किलोडाल्टनचं. ते सुटं काम करत नाही. एकधागी डीएनएवर दर तीन अक्षरांमागे एक असं दाटीवाटीने बसून लांब दोरी तयार करतं आणि त्या दोरीने जुळणारी प्रत शोधतं. आता प्रत्येकाच्या पाठीवर २७ किलोडाल्टनचा डबा बांधून बघा. लोकलच्या दाराशी प्रत्येकाने पाठीवर सॅक अडकवून उभं राहावं तसं होतं.

यीस्टमध्ये टोकाला जीएफपी लावलेलं रॅड५१ आपलं काम धड करत नाही, हे बरीच वर्षं माहीत आहे. ठिपके दिसतात, पण टॅगवालंच एकटं असलं तर पेशी किरणोत्सर्गात तग धरत नाही. काहीजण साधं रॅड५१ राहू देतात आणि त्यात थोडंसं टॅगवालं मिसळतात. २०२३ साली पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधून यीस्टच्या रॅड५१चं वेगळं रूप प्रसिद्ध झालं. त्यात टॅग टोकाला नसून प्रथिनाच्या मध्येच बसवला आहे आणि ते काम करतं. म्हणजे मार्ग निघतो, पण टॅग कुठे बसतो यावर सगळं अवलंबून आहे.

मग टॅग कोणत्या टोकाला लावायचा?

ज्या टोकाला महत्त्वाचं काम नाही त्या टोकाला. हे आधी कळत नसेल, तर दोन्ही करून बघा. मध्ये ग्लायसीन-सेरीनची लवचिक दोरी ठेवा. जीएफपीचं एकट्या-एकट्याने राहणारं रूप घ्या, म्हणजे २०६ क्रमांकाला ॲलनिनऐवजी लायसिन असलेलं. नाहीतर दाटीत जीएफपीच एकमेकांना चिकटतात.

आणि खरी परीक्षा मायक्रोस्कोपवर होत नाही. मूळ प्रथिन काढून टाकलेल्या पेशी घ्या, त्यांत टॅगवालं घाला, किरण द्या आणि दोन आठवड्यांनी किती वसाहती उगवल्या ते मोजा. साध्या प्रथिनाइतक्या उगवल्या, तर टॅगवालं प्रथिन कामाचं. ही चाचणी कंटाळवाणी आहे, चित्र काही सुंदर येत नाही, म्हणून मुलं ती शेवटी ठेवतात. ती पहिली करा.

प्लास्मिड घातलं, पेशी हिरव्यागार झाल्या, सगळीकडे ठिपके आहेत. काम झालं ना?

नाही. इथे माझीच गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी मी सीएमव्ही प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) जीएफपी-५३बीपी१ घातलं. हा प्रमोटर प्रथिन धो धो बनवतो. मी सर्वांत चमकदार पेशी निवडल्या, कारण त्या छान दिसत होत्या. ठिपके मोजले, आलेख काढला, गटाच्या बैठकीत दाखवला. मागे बसलेल्या एका सीनियरने एवढंच विचारलं: "याच पेशी गॅमा-एचटूएएक्सने रंगवल्यास का?" रंगवल्या नव्हत्या. रंगवल्या तेव्हा कळलं, की माझ्या निम्म्याहून जास्त ठिपक्यांखाली तुटलेला डीएनए नव्हताच. प्रथिन जास्त झालं होतं आणि त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. तीन महिन्यांचं काम फाईलमध्येच राहिलं.

तेव्हापासून नियम: कमीत कमी चमकणाऱ्या, पण अजून दिसणाऱ्या पेशी निवडायच्या. त्याहून चांगलं म्हणजे क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने पेशीच्या स्वतःच्या जनुकालाच टॅग जोडायचा. मग प्रथिन पेशीला हवं तेवढंच बनतं. चमक कमी मिळते, त्यामुळे एमनिऑनग्रीनसारखं जास्त तेजस्वी प्रथिन घ्यावं लागतं. क्लोन निवडायला दोन महिने जातात. पण नंतरची दोन वर्षं वाचतात.

डीएनए तोडायचा कसा?

चार रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

गॅमा किंवा क्ष-किरण: १ ग्रे एवढ्या मात्रेला एका मानवी पेशीत साधारण २० ते ४० जागी दोन्ही धागे तुटतात. मात्रा ठरलेली, सगळ्या पेशींना सारखी. अडचण अशी, की यंत्र बहुतेक दुसऱ्या इमारतीत असतं. डिश घेऊन परत येईपर्यंत पहिली दहा मिनिटं गेलेली असतात, आणि बऱ्याच जणांना नेमकी तीच हवी असतात.

ब्लिओमायसिन, झिओसिन अशी औषधं: सोपी, स्वस्त, पण कुठल्या पेशीत किती गेलं ते सांगता येत नाही.

लेझर: मायक्रोस्कोपवरच, डोळ्यांदेखत. त्याबद्दल पुढे सविस्तर.

कापणारं एन्झाइम: आय-एससीईआयला अठरा अक्षरांचा ठरावीक क्रम लागतो आणि तो माणसाच्या जीनोममध्ये मुळात नसतो. आपण तो एका जागी घालून ठेवायचा, मग तिथेच एक काप. शेजारी लॅकओ क्रमांची रांग ठेवली आणि तिच्यावर दुसऱ्या रंगाचं लॅक रिप्रेसर हे तिला चिकटणारं प्रथिन बसवलं, की ती जागा काप होण्याआधीपासूनच दिसत राहते. यीस्टमध्ये हेच काम एचओ एन्झाइम करतं आणि ते गॅलॅक्टोज घातल्यावर चालू होतं. या पद्धतीत मात्र एक गोम आहे. पेशीने जागा बिनचूक जोडली, की एन्झाइम ती पुन्हा कापतं. त्यामुळे तुम्ही एक दुरुस्ती बघत नसता. जोड-काप-जोड असा खेळ बघत असता.

लेझरची रेघ एकदम झकास दिसली. आता?

पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा मला बघायला आवडतो. अंधारी खोली, स्क्रीनवर राखाडी केंद्रक. सॉफ्टवेअरमध्ये केंद्रकाच्या आरपार एक रेघ आखायची आणि बटण दाबायचं. पार्प१ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेममध्येच रेघ उजळते, म्हणजे काही सेकंदांत, आणि थोड्या मिनिटांत फिकी होऊ लागते. ५३बीपी१ असेल तर सुरुवातीला काहीच होत नाही, विद्यार्थी माझ्याकडे बघतो, आणि मग हळूहळू, काही मिनिटांनी, रेघ वर येते. दुरुस्तीला कोण आधी येतं आणि कोण मागून, हे इतकं उघड दुसऱ्या कुठल्या प्रयोगात दिसत नाही.

आता थंड पाण्याचा शिडकावा. लेझर एवढ्याशा पट्टीत जेवढी मोडतोड करतो, तेवढी निसर्गात कधी होत नाही. त्यात एकधागी तूट, दुहेरी तूट, खराब झालेली अक्षरं, सगळं एकत्र असतं. म्हणून 'माझं प्रथिन रेघेवर आलं' याचा अर्थ 'ते दुहेरी तूट दुरुस्त करतं' असा होत नाही.

४०५ नॅनोमीटरचा लेझर वापरायचा, तर बहुतेकदा आधी होक्स्ट (डीएनएला चिकटणारा रंग) किंवा बीआरडीयू (डीएनएत शिरणारं रसायन) देतात, म्हणजे डीएनए जास्त सहज तुटतो. इथे एक सापळा आहे. होक्स्टवर अतिनील किंवा ४०५चा मारा केला, की तो स्वतःच बदलतो आणि हिरव्या रंगात चमकायला लागतो. टॅग नसलेल्या पेशीतही सुंदर हिरवी रेघ दिसते. टॅग नसलेली, होक्स्ट दिलेली एक डिश दर वेळी सोबत ठेवा. ही चूक छापून आलेल्या चित्रांतही झालेली असू शकते, असं वाटतं तेव्हा मी त्या निबंधातलं कंट्रोलचं चित्र आधी शोधते.

किरण दिलेच नाहीत, तरी ठिपके आहेत. पेशी खराब झाल्या का?

बहुतेक नाही. मागच्या फेरीत डीएनएची नक्कल काही अवघड जागी अपुरी राहिलेली असते. पेशी तशीच विभागते, आणि दोन्ही लेकींच्या केंद्रकांत, जी१ टप्प्यात (पुढची नक्कल सुरू होण्याआधी), त्या जागांभोवती ५३बीपी१ची मोठी गोल गाठोडी जमतात. २०११पासून हे नीट माहीत आहे. कर्करोगाच्या पेशींत ती जास्त. म्हणूनच पीसीएनएचा आग्रह: पेशी कोणत्या टप्प्यात आहे ते कळलं, की हे जुनं दुखणं कोणतं आणि नवी जखम कोणती, ते वेगळं काढता येतं.

उलटही लक्षात ठेवा. पेशी विभागत असताना, गुणसूत्रं आखडलेली असताना, ५३बीपी१ तुटलेल्या जागी बसतच नाही. ठिपका नाही म्हणजे तूट नाही, असं तेव्हा म्हणता येत नाही.

बघण्यासाठी टाकलेला प्रकाशच डीएनए तोडत असेल तर?

तोडतो. हा प्रश्न वर्षाला जेमतेम एखादा विद्यार्थी विचारतो, आणि त्याला मी स्वतःहून चहा पाजते.

निळा प्रकाश पेशीतल्या फ्लॅविनसारख्या रेणूंना आणि माध्यमातल्या रायबोफ्लॅविनला चेतवतो. त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात आणि ती डीएनएवर हल्ला करतात. हेपेस बफर असेल तर त्रास वाढतो. रात्रभर दर मिनिटाला फोटो काढलात, तर सकाळी दिसणारे ठिपके तुमच्या औषधाचे की तुमच्या कॅमेऱ्याचे, हे कोण सांगणार?

उपाय साधे आहेत. लेझर कमी, कॅमेरा संवेदनशील, फोटोंत अंतर. फिनॉल रेड नसलेलं माध्यम. लाल टॅग चालत असेल तर लाल घ्या, त्याचा प्रकाश पेशीला सोसतो. आणि एक डिश तशीच शेजारी ठेवा, जिचा एकही फोटो काढायचा नाही. सकाळी दोन्ही डिशमधल्या किती पेशी विभागल्या ते मोजा. फोटो काढलेल्या डिशमध्ये विभाजन अडलं असेल, तर चित्रफीत कितीही सुरेख असो, ती गेली.

ठिपका गेला म्हणजे दुरुस्ती झाली?

ठिपका गेला म्हणजे ते प्रथिन गेलं, एवढंच. दुरुस्ती झाली असेल. काम पुढच्या प्रथिनाकडे गेलं असेल. पेशी विभागायला लागली असेल. टॅगची चमक विझली असेल. ठिपका फोकसच्या बाहेरही गेला असेल, हे तर रोजचं. डीएनए खरंच जुळला का, यासाठी कॉमेट चाचणी, पल्स्ड-फील्ड जेल किंवा कापाच्या जागेचं सिक्वेन्सिंग लागतं. ठिपक्यांचा वेग आणि जुळण्याचा वेग सारखा असेलच असं नाही. बऱ्याचदा डीएनए आधी जुळतो आणि ठिपका रेंगाळतो.

एका ठिपक्यात एकच तूट असते का?

यीस्टमध्ये नाही. न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात रॉडनी रॉथस्टाइन यांच्या गटाने २००३मध्ये दाखवलं, की दोन वेगळ्या जागी डीएनए तोडला तरी रॅड५२चा एकच ठिपका दिसतो. तुटलेल्या जागा उचलून एकाच दुरुस्तीकेंद्रात येतात. मानवी पेशीत तूट बहुतांशी जागच्या जागी राहते, तरी काही परिस्थितीत तिथेही ठिपके एकत्र येताना दिसलेत.

ठिपका ही नक्की काय चीज आहे, यावरून गेली काही वर्षं बरीच वादावादी आहे. एक बाजू म्हणते, आमटीवर तेलाचा थेंब तरंगावा तसा हा प्रथिनांचा वेगळा झालेला थेंब आहे: दोन थेंब मिळतात, एक होतात. दुसरी बाजू म्हणते, प्रथिनं फक्त अनेक जागी चिकटतात आणि लांबून ते थेंबासारखं दिसतं. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला दोनशे-अडीचशे नॅनोमीटरहून जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. त्यामुळे साध्या चित्रावरून हा वाद मिटत नाही. एकेका रेणूचा माग काढणारे प्रयोग लागतात.

एफआरएपी कशासाठी करतात?

ठिपक्यातली प्रथिनं तिथेच बसलेली असतात की ये-जा करतात, ते बघण्यासाठी. जोरदार लेझरने एका भागातली चमक विझवायची आणि ती परत किती लवकर भरते ते मोजायचं.

यातलं माझं आवडतं काम १९९९चं, रॉटरडॅमचं. अतिनील किरणांनी झालेली इजा कापून काढणाऱ्या ईआरसीसी१-एक्सपीएफ या जोडीला जीएफपी लावलं. तोवर अनेकांची कल्पना होती, की दुरुस्तीची सगळी यंत्रं मिळून एक मोठं यंत्र केंद्रकात फिरत असतं. दिसलं वेगळंच. ही जोडी केंद्रकात सुटी, भराभर हिंडते. इजा दिसली की थांबते, सुमारे चार मिनिटं, आणि पुन्हा हिंडायला लागते. म्हणजे कारागीर एकेकटे येतात, जागेवर जमतात, काम करून पांगतात. मेलेल्या पेशीच्या फोटोत हे कधी दिसलं नसतं.

डीआर-जीएफपी म्हणजे हेच का?

नाही, नावावरून गोंधळ होतो. तिथे जीएफपी कुठल्या प्रथिनाला जोडलेलं नसतं. जीएफपीच्या दोन बिघडलेल्या प्रती पेशीत असतात. एकीत आय-एससीईआयचा काप करायचा. पेशीने दुसरीचा नमुना बघून तो दुरुस्त केला, तरच पेशी हिरवी होते. फ्लो सायटोमीटरवर हिरव्या पेशी मोजायच्या. हे दुरुस्तीचा निकाल सांगतं. टॅग दुरुस्ती चालू असताना काय होतं ते सांगतो.

हॅलोटॅग घेऊ का?

एकेका रेणूचा माग काढायचा असेल तर जरूर. तो स्वतः चमकत नाही, बाहेरून दिलेला रंग पकडून ठेवतो, आणि ते रंग जीएफपीपेक्षा जास्त टिकाऊ असतात. पण तो जीएफपीहून मोठा, ३३ किलोडाल्टनचा. जादा रंग नीट धुवावा लागतो. पहिल्याच प्रयोगाला नको.

बॅक्टेरियात हे जमतं? पेशी केवढीशी!

जमतं, आणि आपल्याकडे चांगलं काम झालंय. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये अंजना बद्रिनारायणन यांच्या गटाने कॉलोबॅक्टरमध्ये गुणसूत्र एका जागी तोडलं आणि टॅग लावलेल्या रेकएची (रॅड५१च्या बॅक्टेरियातल्या भावाची) दोरी पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जुळणारी प्रत शोधत फिरताना दाखवली. ती फिरायला रेकएन हे दुसरं प्रथिन लागतं, हेही त्यांनी २०२२मध्ये मांडलं. प्रचंड किरणोत्सर्ग सोसणाऱ्या डायनोकॉकसवर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बरीच वर्षं काम चालू आहे.

बॅक्टेरियासाठी एक हुशार युक्ती म्हणजे म्यू विषाणूचं गॅम प्रथिन. ते तुटलेल्या टोकांनाच चिकटतं. त्याला जीएफपी लावलं, की टोकं दिसतात. पण चिकटल्यावर ते टोक झाकतं आणि दुरुस्ती अडवतं. तूट मोजायची असेल तर हे वरदान. दुरुस्ती बघायची असेल तर नको. दांडा पुन्हा आडवा आला.

ठिपके मोजायचे कसे?

फिजी किंवा सेलप्रोफायलर या सॉफ्टवेअरमध्ये. पण उंबरठा आधी ठरवा, चित्रं बघून मग नाही. केंद्रकाचे वरपासून खालपर्यंत थर घ्या, नाहीतर वरचे ठिपके मोजाल आणि खालचे सोडाल. चित्र घेताना एकही पिक्सेल छताला लागता कामा नये: १२ बिटचं चित्र असेल तर ४०९५ दिसलं की लेझर कमी करा. फायलींची नावं दुसऱ्याकडून बदलून घ्या आणि मगच मोजा. आपल्याला हवं ते आपल्या डोळ्यांना जास्त दिसतं.

फिक्स केल्यावर जीएफपी जातं का?

पॅराफॉर्माल्डिहाइडने राहतं, मिथेनॉलने बहुतेक जातं. आम्लधर्मी माउंटिंग माध्यमातही फिकं पडतं.

याचा रुग्णाला काही उपयोग?

थेट नाही. रुग्णाच्या गाठीत जीएफपी कुणी घालत नाही. तिथे रॅड५१चे ठिपके बघायचे तर अँटिबॉडीनेच. पण बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ हे दुरुस्तीचं जनुक बिघडलेल्या पेशींना पार्परोधक औषधं का मारतात, हे समजायला जिवंत पेशींचा उपयोग झाला. यातलं ओलापरिब २०१४मध्ये पहिल्यांदा मान्य झालं. औषध दिल्यावर टॅग लावलेलं पार्प१ लेझरच्या रेघेवर जास्त वेळ टिकून राहतं. एकच रेणू तिथे अडकून बसतो, की रेणू येत-जात राहतात आणि गर्दी टिकते? हा प्रश्न एफआरएपीनेच पुढे नेला. औषध कसं काम करतं, याची दोन्ही उत्तरं वेगवेगळी निघतात.

मायक्रोस्कोपच्या स्लॉटला येताना काय आणू?

पाच डिश: टॅग नसलेली, फक्त जीएफपी असलेली, टॅगवाली पण न तोडलेली, टॅगवाली तोडलेली, आणि जिला हात लावायचा नाही ती. दोन रंग असतील तर एकेका रंगाची वेगळी डिशही, म्हणजे हिरवा लालमध्ये झिरपतोय का ते कळेल. काचेच्या तळाच्या डिश, प्लास्टिकच्या नकोत. माध्यम आधीच ३७ अंशांवर आणलेलं. चेंबर चालू करून निदान तासभर थांबा, नाहीतर फोकस रात्रभर सरकत राहील आणि सकाळी मला फोन येईल.

आणि स्वेटर. पेशी ३७ अंशांवर असतात, खोली अठरावर.